अस्वलाचा डावा डोळा

मालक कारखाना सुधारायच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा त्यांच्या खिशात एक साधं निळं पेन होतं. परत आले ते चार रंगांची पेनं, गुंडाळलेला एक पांढरा तक्ता आणि एक पितळी घंटा घेऊन. कारखान्यातल्या बायकांनी घंटेकडे पाहून एकमेकींना कोपरं मारली. कापूस भरणाऱ्या भरणीमावशी तर म्हणाल्याच, "एवढ्या लांब गेलेला माणूस येताना काहीतरी खायला आणतो. यांनी घंटा आणली."

कारखाना म्हणायचा एवढंच, खरं तर ती एक लांबोडकी शेड होती. तिथे कापडी अस्वलं तयार होत. एका टोकाला कापड कापायचं, मग शिवायचं, मग डोळे बसवायचे, मग पोटात कापूस भरायचा, मग तपासायचं आणि दुसऱ्या टोकाला खोक्यात घालायचं. शेडच्या या दाराने चादरीसारखं सपाट आलेलं कापड त्या दाराने गुबगुबीत होऊन, जगाकडे टकामका बघत बाहेर पडे. आणि त्या टकामका बघण्यानेच मालकांची झोप उडवली होती. दुकानांतून तक्रारी येत होत्या. अस्वल घरी जातं, लाडाकोडात राहतं, एकदा धुतलं जातं आणि त्याचा डोळा निघतो.

मालकांची झोप उडाली खरी, पण धास्ती घेतली ती पॅकिंगवरच्या एका पोरीने. ती बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर आली होती. डोळा म्हणजे काळा चकचकीत मणी, त्याला मागे दांडी. दांडी कापडातून आत घालायची आणि आतल्या बाजूने तिच्यावर एक चकती दाबून बसवायची. चकती पक्की बसली तर हत्तीने ओढला तरी डोळा निघत नाही. नाही बसली, तर एक रांगतं बाळ पुरतं. आणि तिच्या घरी नेमकं तेच होतं. ढमी जमिनीवरचं जे दिसेल ते आधी तोंडात घालत असे, मग विचार करत असे. तक्रारीबरोबर आलेला प्रत्येक फोटो पाहिला की तिला तो एकुलता एक डोळा दिसत नसे, जो नाही तो कुठे गेला असेल हेच दिसे.

ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकली होती. आधी पॅकिंगवर होती, पण शिक्षण असं अंगावर धुळीसारखं बसलेलं असतं, कोणाला तरी दिसतंच. मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तुला चारला घरी जायचंय ना?"

"हो. बाळ लहान आहे."

"जा. पण पॅकिंगवर बसून चारला जाता येणार नाही, बाकीचे विचारतील. तुला क्वालिटीचं काम देतो. या डोळ्यांचं कारण शोध. सीझनचा माल बाहेर पडायच्या आत सापडलं तर ही जागा तुझी आणि चारची सुटी कायमची. नाही सापडलं तर परत पॅकिंग, सगळ्यांसारखी सहाला सुटी." मालक हे हसत हसत म्हणाले. पण ते सगळंच हसत म्हणत, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता.

चारला निघालं की ती पाचला घरी पोचे. दाराची कडी वाजली की ढमी आतून गुडघ्यांवर धावत येई आणि पायाला अशी मिठी मारी की चप्पल काढणंही मुश्किल. सहाला निघालं तर ढमी झोपलेली असणार. झोपलेल्या मुलाची आई म्हणजे नुसती दुपटी धुणारी आई. तेव्हा ती 'हो' म्हणाली आणि त्या दिवसापासून सगळे तिला क्वालिटीबाई म्हणू लागले.

क्वालिटीबाईने मालकांनी शिकून आणलेलं सगळं इमानेइतबारे केलं. आधी आवराआवर झाली. प्रत्येक वस्तूची जागा ठरली आणि टेबलावर तिच्या आकाराची पिवळी रेघ ओढली गेली. कात्रीच्या जागी कात्रीची, सुईदोऱ्याच्या डबीच्या जागी डबीची. उत्साहाच्या भरात भरणीमावशींच्या चष्म्याचीही आकृती निघाली. मग मावशींनी चष्मा नाकावर ठेवला की टेबलावरचं ते मोकळं घर पाहून मालक विचारत, "इथली वस्तू कुठे गेली?"

"कामावर गेलीय," मावशी म्हणत.

मग पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आली. कुठलीही अडचण आली की का विचारायचं, उत्तर मिळालं की त्यालाही का, असं करत मुळाशी पोचायचं. ती तक्त्यासमोर उभी राहिली. डोळा का निघतो? चकती सैल असते म्हणून. सैल का असते? इथे तपासणीवरची मुलगी मान हलवायची. तिला सगळे ओढाताण म्हणत, कारण दिवसभर अस्वलांचे कान, शेपट्या आणि डोळे स्प्रिंगच्या काट्याला अडकवून ओढून बघणं हेच तिचं काम होतं.

"सैल नसतेच," ओढाताण म्हणाली. "मी एकेक डोळा ओढते. काटा जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबतो. माझ्याकडून एकही सैल गेलेला नाही."

आणि ते खरं होतं. क्वालिटीबाईने स्वतः बाजूला बसून पाहिलं. अस्वलं ओढली जात होती आणि पास होत होती. मग दुसरा 'का' कोणाला विचारणार? पहिल्याच पायरीवर जिना संपला.

मग तिने तक्रारींचे आलेख काढले. महिन्यांप्रमाणे, दुकानांप्रमाणे, तपकिरी अस्वलं वेगळी, पांढरी वेगळी. मालकांनी चारही रंग वापरले. आलेख इतके देखणे झाले की पाहुणे आले की मालक त्यांना आधी तिकडे नेत. कारण काही त्यात सापडलं नाही. शेवटी मालकांचं मत पडलं की दोष लोकांचाच आहे, लोकांना अस्वल धुता येत नाही. क्वालिटीबाईने एक अस्वल घरी नेलं, गरम पाण्यात भिजत घातलं, आपटलं, पिळलं आणि दांडीवर कानाला चिमटे लावून वाळत टाकलं. डोळे जागच्या जागी.

"आमच्या पोरीची झबली तशीच पडलीत," सासूबाई म्हणाल्या, "आणि तू अस्वलाला न्हाऊ घाल."

राहता राहिली घंटा. तिची दोरी शेडभर फिरवली होती, प्रत्येकाच्या हाताला येईल अशी. ज्याला चूक दिसेल त्याने दोरी ओढायची, काम थांबवायचं, सगळ्यांनी जमायचं आणि कोणावर न चिडता चूक बघायची. मालकांनी तक्त्यावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: चूक दाखवा, माणूस नको. इतके दिवस गेले, घंटा एकदाच वाजली. मालक चारही पेनं घेऊन धावत आले तर पत्र्याखालच्या लोखंडी तुळईवरून उडी मारताना मांजर दोरीला लटकलं होतं.

"त्याला काय चूक दिसली ते विचारा तरी," दाबकाका आपल्या जागेवरून म्हणाले आणि सगळी शेड हसली.

दाबकाका म्हणजे डोळे बसवणारे. कारखाना सुरू झाला तेव्हापासून त्या दाबयंत्रावर तेच. कापडाचं रिकामं तोंड ते यंत्रावर चढवत, दोन्ही डोळ्यांच्या दांड्या दोन हातांनी सरळ धरत, आणि दोन्ही चकत्या एकाच दमात बसत. शेडमधल्या निम्म्या लोकांना त्यांनी काम शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांची भांडणं मिटवली होती. मागच्या वर्षी ते शिडीवरून पडले होते. तेव्हापासून डावा खांदा थोडा उतरला होता, पण ते त्याबद्दल बोलत नसत, म्हणून कोणीच बोलत नसे.

सीझनचा माल भरत आला. पॅकिंगच्या टोकाला खोक्यांची भिंत उभी राहू लागली. क्वालिटीबाई घरी जाताना रोज त्या भिंतीकडे बघे आणि तिला वाटे, भिंत पत्र्याला टेकली की आपले चार वाजायचे बंद होणार.

अशात एका सुटीच्या दिवशी तिचा नवरा ढमीला लंगोट बांधत होता. तो हे काम हौसेने करत असे आणि बुटाच्या नाड्या बांधाव्यात तशा थाटाने करत असे. बांधून झाल्यावर त्याने ढमीला उंच धरलं आणि आईला म्हणाला, "आई, बघ. मी बांधलेला लंगोट आजपर्यंत एकदा तरी सुटलाय? हिने बांधलेले सुटतात. शेवटी काय, गाठीला हात लागतो."

सासूबाई नुसतं "हं" म्हणाल्या. नवरा पाणी प्यायला आत गेला तशी क्वालिटीबाईने ढमीला मांडीवर घेतलं आणि ती सैल गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. हे ती रोजच करत असे. तो बांधून वळला की ही सोडून बांधे, पापणी लवायच्या आत. बिचारा एवढ्या हौसेने करतो, त्याचा हिरमोड कशाला. तसंच सासूबाईंनी धुतलेली ढमीची वाटी-चमचा ती पुन्हा धुऊन घेत असे, त्या बाहेर गेल्या की. कुठे बोलायचं, मन दुखवायचं. आपलं आपण करून टाकलं की झालं.

गाठ अजून तिच्या चिमटीत होती आणि ती एकदम थांबली. याला जन्मात कळणार नाही की आपली गाठ सैल असते. कशी कळेल? सुटू कधी दिलीच नाही तिने. तपासायला कोणी आलं तर लंगोट पक्काच सापडणार. ओढाताणला सापडतात तसा.

"काय झालं?" नवऱ्याने बाहेर येऊन विचारलं.

"काही नाही. आमच्याकडे कोणीतरी लंगोट बांधतंय."

"कोणाला?"

"अस्वलांना," ती म्हणाली. नवऱ्याने आईकडे पाहिलं, आईने छताकडे.

दुसऱ्या दिवशी ती दाबयंत्र आणि तपासणी यांच्या मधल्या जागेत, म्हणजे भरणीमावशींच्या शेजारी, कापसाच्या गोण्या तपासायचं निमित्त करून बसली. मावशी कामाला चलाख. दाबकाकांकडून सपाट अस्वल येई, त्या त्याच्या पाठीतून हात घालत, कापसाचे गोळे ठासत, पुढे सरकवत. पण कापूस घालण्याआधी त्यांचा अंगठा आतून डोळ्यांच्या मागे जाई. बहुतेक वेळा तो लगेच परत येई. मधूनच एखाद्या अस्वलाशी मात्र मावशी खोकत, खोकताना थोड्या वाकत, हात एप्रनच्या खिशात जाई आणि पुन्हा अस्वलाच्या डोक्यात. कपाळावरची बट मागे सारावी इतकंच ते दिसे. कोणी मुद्दाम पाहिलं नसतं तर दिसलंही नसतं.

जेवणाच्या सुटीत तिने मावशींना हात धुवायच्या नळापाशी गाठलं.

"मावशी, खिशात काय आहे?"

"खोकल्याचं औषध."

"पिवळ्या ट्यूबमध्ये?"

"आजकाल कशातही मिळतं." मावशींनी नळ बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. मग म्हणाल्या, "डिंक आहे. आणि दोऱ्याचा एक वेढा देते वरून. सैल असतो त्यालाच."

"कधीपासून?"

"ते पडले तेव्हापासून." त्या मागे बघत हळू बोलू लागल्या. "डावाच सैल असतो. नेहमी डावाच. खांदा दुखतो ना त्यांचा, डावा हात नीट धरत नाही. आता या वयात त्यांना काय सांगायचं, काका, तुमचा हात गेला? मालकांना कळलं तर उद्या नवीन माणूस बसवतील तिथे. हसत हसत बसवतील."

डावाच. क्वालिटीबाईने डोळे मिटून घेतले. महिन्यांप्रमाणे, दुकानांप्रमाणे, रंगांप्रमाणे तिने आलेख काढले होते. डावा की उजवा, हे संख्याशास्त्राच्या पदवीने काही विचारलं नव्हतं.

"मावशी, तो डिंक पाण्यात विरघळतो. मी घरी धुतलं ते नेमकं बिनडिंकाचं असणार."

मावशींचा हात तोंडाकडे गेला. "मी पाणी लावून कुठे बघितलं. कडक वाळतो, ओढाताणच्या काट्यालाही दाद देत नाही, मला वाटलं पक्का आहे."

"तुम्ही घंटा का नाही वाजवली?"

"घंटा," मावशी म्हणाल्या. "मालक म्हणतात चूक दाखवा, माणूस नको. पण चूक काय हवेत लोंबकळत असते, बाई? ती कोणाच्या तरी टेबलावरच बसलेली असते."

क्वालिटीबाई चार वाजता निघाली तेव्हा मालक केबिनच्या दारात उभे होते. "काही सापडलं?" त्यांनी विचारलं. तिने फक्त हो म्हणायचं होतं. दोन वाक्यांत सगळं संपलं असतं, चारची सुटी कायमची झाली असती, आणि दाबकाका उद्या घरी बसले असते. "उद्या सांगते," ती म्हणाली आणि चप्पल पायात नीट अडकायच्या आतच बाहेर पडली.

घरी ढमी धावत आली, पायाला बिलगली. तिला उचलताना क्वालिटीबाईला वाटलं की ही मिठी आपण कोणाच्या तरी खांद्यावर पाय देऊन मिळवणार आहोत. संध्याकाळी नवऱ्याने ढमीचा लंगोट बदलला, थाटात गाठ मारली आणि वळला. तिचा हात सवयीने पुढे गेला. तिने तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. काय होतं ते तरी बघू.

जे व्हायचं ते सासूबाईंच्या मांडीवर झालं. धुतलेल्या, परीटघडीच्या साडीवर.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि ढमीला अंगापासून दूर धरून बसल्या. ढमी खूश होती.

नवरा सुटलेल्या लंगोटाकडे बघत राहिला. "असं कधी झालं नाही."

"रोज होतं," ती म्हणाली. "रोज मी परत बांधते."

"रोज?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याचा चेहरा पडला. तिला वाटलं आता हा चिडणार. पण तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "मग सांगायचं नाहीस का? मी ऑफिसात दोघांना शिकवलंय असं बांधायला."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता काय गुदगुल्या होतायत?" तो खाली बसला. "दाखव. कुठे चुकतंय?"

तिने दाखवलं. एक वेढा कमी पडत होता, बस. सासूबाई साडी बदलून आल्या तोवर तो शिकलाही होता. क्वालिटीबाई मात्र त्या रात्री जेवताना तेच मनात घोळवत होती. सांगितलं असतं तर एका दिवसाचा हिरमोड झाला असता. न सांगता त्याला एवढे महिने अडाणी ठेवलं, वर आपण त्याला माया म्हणत होतो.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी शेडमध्ये पोचली. भरणीमावशी एप्रन बांधत होत्या.

"मावशी, ट्यूब माझ्याकडे द्या. आज दुपारपर्यंत फक्त. सैल दिसला की काही करायचं नाही. पुढेही पाठवायचं नाही. उचलायचं आणि काकांच्या टेबलावर परत ठेवायचं."

"माझ्याने नाही होणार ते."

"बोलायचं काही नाही. नुसतं ठेवायचं."

"तू ठेव की मग."

"माझ्या हातून ठेवलं तर ती तपासणी होते," ती म्हणाली. "तुमच्या हातून ठेवलं तर ती मैत्री आहे."

मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं की हिला कॉलेजात हेच शिकवतात काय. पण ट्यूब काढून दिली.

पहिलं अस्वल परत गेलं तेव्हा दाबकाकांना वाटलं चुकून आलं. त्यांनी ते पुन्हा पुढे सरकवलं. मावशींनी ते पुन्हा मागे ठेवलं आणि नजर कापसात घातली. मग दुसरं आलं. मग आणखी. दाबकाकांच्या टेबलाच्या कडेला सपाट अस्वलांची चळत चढू लागली. प्रत्येकाचा उजवा डोळा ताठ आणि डावा जरासा कललेला, चळत सगळी मिळून जणू डोळा मारत होती. काकांनी एकाच्या आत बोट घातलं. मग दुसऱ्याच्या. यंत्राचा आवाज थांबला.

"हे सगळे माझे?"

मावशी कापूस पिंजत राहिल्या. "तुमचेच."

"रोज असे निघतात?"

"रोज."

काका उठले, उजवा हात वर केला आणि दोरी ओढली.

घंटा वाजली तशी सगळ्यांनी आधी वर पाहिलं. मांजर तर गोणीवर झोपलेलं होतं. मालक धावत आले, दोनच पेनं हाताला लागली होती. शिलाईच्या बायका उठून आल्या, ओढाताण अर्धवट ओढलेलं अस्वल काट्याला लटकत सोडून आली.

"मी वाजवली," दाबकाका म्हणाले. "चूक माझ्या टेबलावर आहे. डावा हात गेलाय माझा. मला कळत होतं, जोर लावून धरत होतो, वाटलं जमतंय. नाही जमत. नवीन माणूस बघा, मी त्याला शिकवून जातो."

मालकांच्या चेहऱ्यावरचं हसूसुद्धा गेलं, आणि ते गेलं की मागे एक साधा, गोंधळलेला माणूस होता हे सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. क्वालिटीबाईने हे घडवून आणलं होतं, आणि आता पुढे काय करायचं हे कुठल्याच तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं. पाच वेळा 'का' तेवढं आठवत होतं.

"काका," ती म्हणाली, "डोळा सैल का राहतो?"

"चकती पूर्ण दाबली जात नाही."

"चकती दाबता कशाने?"

"पायाने. खाली पट्टी आहे ती दाबतो."

क्वालिटीबाईने वाकून टेबलाखाली पाहिलं.

"पाय कसा आहे?"

"पायाला काय धाड भरलीय. रोज चालत येतो."

"आणि डावा हात?"

"तो नुसता दांडी धरतो." बोलता बोलता काका स्वतःच थांबले. आपल्या हाताकडे पाहिलं, मग पायाकडे.

क्वालिटीबाई त्यांच्या स्टुलावर बसली. अस्वलाचं तोंड यंत्रावर चढवलं, दोन्ही दांड्या दोन धडधाकट हातांनी सरळ धरल्या आणि पायाने पट्टी दाबली. आत बोट घातलं. उजवा पक्का, डावा सैल. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"सरका, मी बघतो," मालक म्हणाले. त्यांनी पेनं कानामागे खोचली, स्टुलावर बसले, पट्टीवर असा पाय दिला की स्टूल करकरलं. त्यांचंही अस्वल डोळा मारत बाहेर आलं.

"साहेबांचा पण हात गेला," ओढाताण म्हणाली. तिच्या तोंडून ते निसटलंच, पण मग जे हसू फुटलं त्यात मालकही होते.

फिटरला बोलावलं. त्याने यंत्राच्या डोक्यातल्या दोन वाट्या काढून हातावर ठेवल्या. या वाट्या चकतीवर बसून तिला दाबत. उजवीची कड धारदार होती. डावीची एका बाजूने झिजली होती, जुन्या उलथन्याची कड खरवडून खरवडून झिजते तशी. "ही तर कधीच बदलायला हवी होती," फिटर म्हणाला. "कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं, कारण यंत्राकडे कोणी बघितलंच नव्हतं. सगळी शेड काकांच्या खांद्याकडे बघत होती, तेही तिरक्या नजरेने, त्यांना कळू नये म्हणून. काका रोज दुखऱ्या हाताने जास्त जोर लावून धरत होते म्हणून बरेच डोळे बसतही होते, मावशी रोज त्यांची चूक लपवत होत्या, आणि जिची चूक होती ती वाटी आरामात झिजत होती.

नवी वाटी बसवल्यावर काकांनी पहिलं अस्वल काढलं आणि भरणीमावशींकडे दिलं. मावशींनी अंगठा आत घातला, बराच वेळ ठेवला. "पक्का आहे," म्हणाल्या, आणि नाक ओढून चष्मा पुसायला घेतला. टेबलावरचं चष्म्याचं घर तेव्हा रिकामंच राहिलं, पण मालकांनी विचारलं नाही.

विचारलं ते दुसरंच. "पण मग तपासणीत कसे पास होत होते? कोणीतरी आतून काहीतरी लावत असणार. कोण ते?"

मावशींचा हात थांबला. क्वालिटीबाईने तक्त्याकडे बोट दाखवलं. "तुमच्याच हातचं आहे, साहेब. लाल पेनाने."

मालकांनी वाचलं. चूक दाखवा, माणूस नको. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि कानामागची पेनं काढून पुन्हा खिशात ठेवली.

खोक्यांची भिंत मात्र खाली उतरवावी लागली. सीझनचा सगळा माल परत उघडायचा, प्रत्येक अस्वलाच्या पाठीची शिवण उसवायची, डावा डोळा काढून नवा बसवायचा. मालकांनी हिशेब करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. सगळे उसवायला बसले. क्वालिटीबाईही बसली. मांडीवर अस्वल, हातात कात्री, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाऊ नये म्हणून मान खाली. आज कसं उठायचं? सगळे सहाच्या पुढे थांबणार होते.

घंटा वाजली. दाबकाका दोरी धरून उभे होते.

"आता काय?" मालक ओरडत आले.

"चूक दिसली," काका म्हणाले. "चार वाजून गेले आणि ही पोरगी अजून इथेच आहे."

मालकांनी घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "अरे हो. जा, जा. ठरलंय ना आपलं. रोजचंच आहे ते आता." आणि हसले. या वेळचं हसू वेगळं होतं, किंवा तिला तसं वाटलं.

त्यानंतर घंटा वाजायला लागली ती थांबेचना. दोरा तुटतो म्हणून वाजे, कापूस ओला आला म्हणून वाजे, चहा पाणचट आहे म्हणून भरणीमावशींनी वाजवली तेव्हा मालकांनी चहावाल्यालाही तक्त्यासमोर उभं करून पाच वेळा का विचारलं. पण ते पुढचं. त्या दिवशी ती घरी पोचली, ढमीने पायाला मिठी मारली, नवऱ्याने पक्क्या गाठीचा लंगोट दाखवला, आणि तिला वाटलं, आता एकच उरलं. एवढी शेड सुधारली, घर का मागे ठेवायचं. ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई ढमीची वाटी विसळत होत्या.

"आई," ती म्हणाली, "एक सांगायचंय. राग मानू नका. तुम्ही धुतलेली वाटी मी रोज परत धुते. तुम्हाला न सांगता."

"माहीत आहे की," सासूबाई म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"तू परत धुतेसच," सासूबाईंनी वाटी पाण्यातून काढून तिच्या हातात ठेवली, "म्हणून तर मी नुसती बुडवून काढते."